सदतिसाव्या पानाचा शिक्का

बालविभागात गेल्या तीन महिन्यांत एकच मूल येऊन गेलं आणि तेही पाणी प्यायला, ही गोष्ट ग्रंथपाल उत्तरेश्वर घोगरे यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत खरी खरी सांगून टाकली. तिथंच सगळं फसलं. हडपसरच्या गाडीतळापासून दोन गल्ल्या आत असलेल्या त्या सार्वजनिक वाचनालयात खरं बोलायची बंदी होती असं नाही. पण खरं हे चहा पिताना बोलायचं असतं, बैठकीत बोललं की त्याचा ठराव होतो, एवढं सव्वीस वर्षांच्या नोकरीत माणसाला कळायला हवं होतं.

अध्यक्ष इंद्रजीतराव अशाच वाक्याची वाट बघत होते. त्यांना बालविभागाच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र काढायचं होतं. "पुस्तकं सगळ्यांनाच वाचायची नसतात घोगरे, लग्न बहुतेकांना करायचं असतं," ते म्हणाले. "आणि तिथं येणारा माणूस वाचतोसुद्धा. बारीक अक्षरातलं आधी वाचतो." सभासद हसले. घोगरे हसले नाहीत. ती खोली त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली होती. दोन हजार दोनशे चौदा पुस्तकं, मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं, बुटक्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर कोणी बसत नव्हतं हे कबूल. पण म्हणून त्या माळ्यावर टाकायच्या आणि तिथं मुलाचं पॅकेज विचारणारी मंडळी आणून बसवायची, हे त्यांना पटेना.

ठराव असा झाला. लवकरच सरकारी तपासणी होती. वाचनालयाचा अनुदानासाठीचा 'ब' वर्ग टिकवायचा तर तपासणीत बालविभाग दाखवावा लागतो. तेव्हा तो दाखवावा, आणि तपासणी पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करावी. घोगऱ्यांनी हात वर करून विचारलं, की दरम्यान मुलं यायला लागली तर?

"रोज तीस मुलं दाखवा, मग बघू," इंद्रजीतराव म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुढचा विषय पंखा दुरुस्तीचा होता. त्यावर पाऊण तास चर्चा झाली.

घोगरे राहत होते त्या सोसायटीत टंचाई पाण्याची असते, सल्ल्याची नसते. ठरावाची बातमी पसरायच्या आत तीन उपाय घरपोच आले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मुलांसाठी राजगिऱ्याचे लाडू ठेवा. दुसऱ्या मजल्यावरून संस्कारवर्गाची सूचना आली, मात्र सूचना करणाऱ्यांचा स्वतःचा मुलगा येणार नव्हता, त्याला त्या वेळी क्लास असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सुदर्शननं त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. सुदर्शन आयटीत होता, त्यामुळं तो कोणत्याही विषयावर बोलला तरी सोसायटीत ते गंभीरपणे घेतलं जायचं.

"काका, गेमिंग सुरू करा," तो म्हणाला. "फॉरेनला लायब्रऱ्यांमध्ये ऑलरेडी चालू आहे. पोरं गेमसाठी येतात आणि मग स्लोली बुक्सकडे वळतात. प्रूव्हन मॉडेल आहे."

"कुणी प्रूव्ह केलं?"

"ते नाही माहीत. मी रील बघितलं."

सुदर्शनकडे गेम खेळायचं जुनं यंत्र पडून होतं, ते त्यानं तिथल्या तिथं देणगी म्हणून देऊन टाकलं. त्यात एकच खेळ होता. टोपी घातलेला एक बेडूक असतो, त्यानं विहिरी, काटे आणि साप चुकवत उड्या मारत दारापर्यंत जायचं. दार गाठलं की पुढची लेव्हल. अशा चाळीस लेव्हल. खेळणाऱ्यानं आपलं नाव टाकलं की ज्याची त्याची खूण आत राहते, काल जिथं थांबलो तिथून आज पुढं. "पुस्तकात आपण बसचं तिकीट घालून ठेवतो तसं," घोगरे म्हणाले, आणि त्यांना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली. टीव्ही वाचनालयात होताच. तो एकदा अर्थसंकल्प ऐकायला लावला होता, त्यानंतर कोणाची हिंमत झाली नव्हती.

यंत्र टेबलावर ठेवल्यावर सहायक ग्रंथपाल दीपमालानं ते चारी बाजूंनी बघितलं. ही मुलगी कामाला चोख होती आणि बोलायला त्याहून. "छान आहे सर," ती म्हणाली. "चढवायचं कशात?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न साधा वाटेल. वाचनालयात दोन वह्या असतात. एक दाखल नोंदवही. आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात नंबर घेऊन चढतं. दुसरी डेडस्टॉकची. खुर्च्या, पंखे, घड्याळ, पाण्याचा माठ, सगळा निर्जीव संसार तिच्यात. वाचनालयात आहे आणि दोन्ही वह्यांत नाही अशी वस्तू एक तर चोरीची असते किंवा शिपायाचा जेवणाचा डबा असतो. यंत्र डेडस्टॉकला घालणं सोपं होतं. पण मग ते वापरायला येणारी मुलं 'वाचक' ठरत नव्हती. पंख्याखाली येऊन बसलेल्या माणसाला कोणी पंख्याचा वाचक म्हणत नाही. वाचक म्हणून हजेरी धरायची तर मुलासमोर ग्रंथ पाहिजे, आणि ग्रंथ व्हायचं तर दाखल नोंदवहीत चढलं पाहिजे.

घोगऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बेडकाला ग्रंथ केलं.

हे वाटतं तितकं सोपं गेलं नाही. त्या वहीत घोगऱ्यांची सव्वीस वर्षांत एक खाडाखोड नव्हती, आणि तिचे रकाने बेडकाच्या हिशोबानं आखलेले नव्हते. 'लेखक' या रकान्यासाठी दीपमालानं खेळातली श्रेयनामावली लावली. ती एकोणीस मिनिटं सरकत राहिली. घोगरे पेन उघडून बसले होते, त्यांनी पहिली तीन नावं घेऊन 'व इतर' लिहिलं. 'विषय' या रकान्यात अर्धा दिवस गेला. बेडूक म्हणजे प्राणिशास्त्र, पण टोपी घालणारा बेडूक प्राणिशास्त्रात बसत नाही. शेवटी बालसाहित्य, साहसकथा.

"पृष्ठसंख्या?" त्यांनी विचारलं.

"लेव्हल चाळीस आहेत."

"म्हणजे प्रकरणं."

"म्हणजे लेव्हल सर. पण तुम्ही काय ते लिहा."

त्यांनी 'पृष्ठे ४०' असं लिहिलं, शेवटच्या रकान्यात सवयीनं 'शिक्के दोन्ही मारले' असं लिहिलं, आणि दाखल क्रमांक १८६४२ पूर्ण झाला.

पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. दुसऱ्या दिवशी सव्वीस. आठवडा संपायच्या आत एक्केचाळीस, आणि दारात चपलांचा ढीग. प्रत्येकाला दहा मिनिटं, टेबलावरच्या घड्याळानं. टीव्हीचा आवाज बंद, कारण वाचनालय. ओरडायचं नाही, कारण तेच. मुलांनी हे इतकं मनावर घेतलं, की बेडूक विहिरीत पडला तरी एक्केचाळीस जण नुसते तोंडावर हात दाबून हळहळायचे. बाहेरच्या टेबलावर रोज सहा वर्तमानपत्रं संपवणारे निवृत्त अव्वल कारकून बुद्धभूषण ओव्हाळ यांनी सूचनावहीत लिहिलं: 'खोली रिकामी समजून आत डोकावलो. आत चाळीस मुलं निघाली. हृदयाच्या माणसासाठी हे बरं नाही. बाहेर पाटी लावावी.'

मुलं पुस्तकांकडे किती वळली, याचीही घोगरे टिपणी ठेवत होते. पहिल्या आठवड्यात दोन पुस्तकं हलली. त्यातलं एक टीव्हीखाली उंचीला लावलं होतं. दुसऱ्या आठवड्यात पाच, आणि त्यातली तीन तर चक्क वाचायलाच नेली होती. घोगऱ्यांना तेवढंही पुष्कळ झालं. संध्याकाळी ते उगीचच बालविभागाच्या दारातून दोनदा जास्त चालत जायचे आणि चपला मोजायचे.

पण ग्रंथ म्हटलं की ग्रंथाचे भोग आले. नवीन दाखल ग्रंथांची यादी नियमानं फलकावर लागते. ओव्हाळांनी ती वाचली आणि देवघेव खिडकीवर येऊन शांतपणे म्हणाले, "१८६४२ द्या. सात दिवसांसाठी."

"ओव्हाळसाहेब, ते तसलं पुस्तक नाही."

"यादीत आहे. मी सभासद आहे. पुस्तक जागेवर आहे, ते मी आत्ताच बघून आलो. यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे ते आपण सांगा."

एकही चुकीचं नव्हतं. पस्तीस वर्षं सरकारी फायलींत घालवलेल्या माणसाशी नियमानं भांडायचं नसतं. घोगऱ्यांनी त्याच दुपारी १८६४२ ला लाल चिठ्ठी लावून संदर्भग्रंथ केलं, कारण संदर्भग्रंथ घरी देत नाहीत. पण संदर्भग्रंथ मागणाऱ्यानं मागणीचिठ्ठी भरावी लागते आणि तीत 'संदर्भाचे प्रयोजन' असा रकाना असतो. मुलांनी तो न कुरकुरता भरला. 'बेडूक.' 'विहीर ओलांडणे.' 'अभ्यास झाला.' एका चिठ्ठीवर 'आई झोपली आहे' असं होतं. घोगऱ्यांनी सगळ्या चिठ्ठ्या तारखेवार ओवून ठेवल्या.

मग पहिली तारीख आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिपाई पोपट नवीन दाखल झालेली पुस्तकं पोत्यात भरून बुधवार पेठेत बाइंडरकडे देऊन येतो. वाचनालयाच्या हातात साध्या पुठ्ठ्याचं पुस्तक टिकत नाही, त्याला जाड बांधणी लागते. पोपट वहीतले नंबर बघतो, नावं बघत नाही. त्याला तसंच शिकवलेलं होतं, आणि शिकवलं होतं घोगऱ्यांनीच. चार दिवस बालविभागात एक्केचाळीस मुलं रिकाम्या टीव्हीकडे बघत बसली, आणि पाचव्या दिवशी १८६४२ बांधून परत आलं. तपकिरी रेक्झिन, चारी कोपरे कापडी, पाठीवर सोनेरी अक्षरांत ग्रंथनाम आणि क्रमांक. काम सुंदर होतं. वारा जायच्या जाळ्यासुद्धा सफाईनं बंद केल्या होत्या.

"अहो, त्यानं विचारलं नाही का हे काय आहे?" घोगऱ्यांनी पोपटला विचारलं.

"विचारलं की साहेब. जाड आहे, आतून शिवायचं का म्हणला. मी म्हणलं, नुसतं वरून कर."

त्यानंतर यंत्र वीस मिनिटांत तापायला लागलं. पोपटनं ब्लेडनं रेक्झिनला दोन खिडक्या पाडल्या आणि टेबलफॅन त्याच्या अंगावर सोडला. पंखा दुरुस्तीच्या ठरावाचा एवढा एकच उपयोग झाला.

तपासणीच्या आठवडाभर आधी इंद्रजीतराव स्वतः आले. बरोबर मोजमापाची टेप होती. त्यांनी टेपचं एक टोक पोपटच्या हातात दिलं आणि मुलांच्या डोक्यांवरून खोली आडवी-उभी मोजली. घोगरे हजेरीपट घेऊन मागं मागं फिरत होते. शेवटी त्यांनी तो पुढं केला. पहिले काही दिवस सोडले तर रोज चाळीसच्या घरात सह्या, पंचवीस दिवसांच्या.

"आपण तीस म्हणाला होतात," घोगरे म्हणाले.

"तीस दाखवा, मग बघू, असं म्हणालो होतो," इंद्रजीतराव टेप गुंडाळत म्हणाले. "बघितलं. तपासणी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी ही कपाटं माळ्यावर जाऊ द्या. सतरंज्या मी पाठवतो."

हे सगळं मुलांसमोर झालं. घोगऱ्यांचा चेहरा उतरला तो त्यांना वर करता येईना. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. चाळीस मुलांना आपण बोलावून घेतलं आणि आता आपणच हाकलणार. ते हजेरीपट छातीशी धरून कपाटापाशी उभे राहिले. टीव्हीसमोरच्या मुलाचा बेडूक मध्येच थांबलेला होता.

तपासणीला आलेले निरीक्षक प्रज्ञेश सरोदे तिशीतले होते, हळू बोलायचे आणि चहा घेत नव्हते. चहा न घेणाऱ्या निरीक्षकाला सगळी वाचनालयं टरकून असतात. त्यांनी खोल्या बघितल्या, मुलं मोजली, "वाचक चांगले आहेत," असं म्हणाले. इंद्रजीतराव शेजारीच उभे राहून कौतुकानं मान डोलवत होते. मग सरोद्यांनी दाखल नोंदवही मागवली आणि डोळे मिटून दहा नंबर काढले. ही त्यांची पद्धत. दहा पुस्तकं आणायची, वहीशी ताडून बघायची, शिक्के बघायचे, संपलं. नऊ पुस्तकं बिनचूक निघाली. दहावा नंबर १८६४२ होता.

पोपटनं तो दोन्ही हातांनी आणून ठेवला. सरोद्यांनी पाठ बघितली, क्रमांक बघितला, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "बांधणी चांगली आहे," ते म्हणाले. वरच्या रेक्झिनवर वाचनालयाचा गोल शिक्का होता. "पहिला शिक्का आहे. गुप्त पान?"

गुप्त पान म्हणजे काय, ते चारचौघांत सांगायचं नसतं, पण आता इलाज नाही. पुस्तक चोरणारा माणूस शिक्का असलेलं पहिलं पान फाडून टाकतो. म्हणून प्रत्येक वाचनालय आतला एक आकडा ठरवून ठेवतं आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्या पानावर गुपचूप दुसरा शिक्का मारतं. इथला आकडा सदतीस. तो घोगऱ्यांनी सरोद्यांच्या कानात सांगितला.

"पृष्ठसंख्या चाळीस," सरोदे वहीत बघत म्हणाले. "म्हणजे सदतिसावं पान आहे. त्यावर शिक्का मारला, असं आपण लिहिलंय."

घोगऱ्यांचे कान तापले. सव्वीस वर्षांत त्या वहीत त्यांनी एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं, आणि एक लिहिलं ते नेमकं यांनी डोळे मिटून काढलं. "शिक्का मारायचा राहिलाय," ते म्हणाले. "ते पान अजून उघडलेलं नाही."

"पानांच्या कडा कापायच्या राहिल्यात?"

"नाही. तिथवर अजून कोणी पोचलेलं नाही."

सरोद्यांनी यावर विचार केला. ते रागावले नाहीत, तेच जास्त अवघड होतं. "मग पोचू या," ते म्हणाले. "माझ्यासमोर शिक्का मारा, मी पडताळणी लिहितो. हे एवढं दिसलं की तपासणी संपली."

टीव्ही लागला. पोपट शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन टीव्हीच्या काचेशेजारी उभा राहिला, कारण सदतिसावं पान जिथं दिसेल तिथंच तो उमटवायचा होता. मुलं ओळीनं बसली. पहिला मुलगा अठ्ठाविसाव्या लेव्हलला सापाला भेटला. दुसरा तेहतिसाव्याला. तिसरा बाराव्यालाच गेला. घोगऱ्यांची अवस्था मोठी विचित्र झाली होती. पान उघडलं तर वही खरी होणार होती आणि उद्या खोली जाणार होती. नाही उघडलं तर वही खोटी, आणि खोलीचंही काही खरं नाही. बेडकानं उडी मारली की त्यांचा जीव वर जायचा, आणि तो खाली आला की खाली, पण कशासाठी ते त्यांना सांगता आलं नसतं.

शेवटी शालू बसली. सहावीतली ही मुलगी बालविभागातली सगळ्यात पुढची वाचक. तिच्या नावावर छत्तीस लेव्हल निघाल्या तेव्हा ओव्हाळसुद्धा वर्तमानपत्र ठेवून आत आले. इंद्रजीतराव पुढं वाकले. पोपटनं शिक्का पॅडवर दाबला. शालूनं दोनदा काटे ओलांडले, दोनदा दारापर्यंत गेली, आणि दोन्ही वेळा बोटभर अंतरावर विहिरीत पडली. तिसऱ्यांदा तर बेडकाची टोपी दाराला लागली होती. तोपर्यंत यंत्रातून रेक्झिन जळाल्याचा वास यायला लागला, तेव्हा दीपमालानं उठून वायर काढली.

सरोद्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पान फाटलं असतं तर 'फाटले' लिहिता आलं असतं," ते म्हणाले. "चिकटलं असतं तर 'चिकटले'. गहाळ असतं तर 'गहाळ'. पान आहे, चांगलं आहे, पण आपण तिथवर पोचत नाही, याला शेरा नाही." मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दाखल क्र. १८६४२ चे पृष्ठ ३७ पर्यंत वाचन न झाल्याने पडताळणी बाकी. तपासणी अपूर्ण. सदर पान उघडल्याचे ग्रंथपालांनी लेखी कळवल्यास पुन्हा येऊन पूर्ण केली जाईल. तोपर्यंत विभागात कोणताही फेरबदल करू नये.'

इंद्रजीतरावांनी ते तीनदा वाचलं. "हे पान उघडणार कधी?"

"ते वाचकांवर आहे," घोगरे म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून इतकं गोड कसं निघालं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

महिना गेला. मुलं रोज यायची, रोज तेहतिसाव्या, पस्तिसाव्या, छत्तिसाव्या लेव्हलला मरायची. लग्नसराई सुरू झाली. इंद्रजीतरावांनी छापून घेतलेले वधू-वर केंद्राचे फॉर्म कपाटावर पिवळे पडायला लागले. शेवटी, पोरांच्या भरवशावर किती दिवस राहायचं, असं म्हणून एका सोमवारी दुपारी चार वाजता ते स्वतः येऊन बालविभागाच्या बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते.

"सही करा सर. आणि चिठ्ठी," दीपमालानं हजेरीपट पुढं केला.

"मी अध्यक्ष आहे."

"इथं वाचक आहात. दहा मिनिटं आहेत."

त्यांनी सही केली. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या लेव्हलला गेले, आठवड्यानं चौथ्या. पुढच्या महिन्यात नवव्या लेव्हलच्या विहिरीशी जे अडले ते अडलेच. पण माणूस चिवट होता, आणि घोगऱ्यांना खरी धास्ती त्यांची नव्हती. धास्ती होती शालूची. छत्तीसवर दोन महिने अडलेली हुशार मुलगी आज ना उद्या पुढं जाणार. आणि ती गेली, की त्याच संध्याकाळी सरोद्यांना पत्र टाकल्याशिवाय आपल्याला जेवण जाणार नाही, एवढं घोगरे स्वतःला ओळखून होते.

म्हणून एका मंगळवारी त्यांनी तिला कपाटांच्या मागं बोलावलं. उभ्या जन्मात जे वाक्य ते कुठल्या मुलाला बोलले नव्हते, ते बोलायचं होतं.

"शालू," ते म्हणाले, "तो खेळ... शेवटपर्यंत गेलंच पाहिजे असं काही नाही. सावकाश खेळ. घाई नाही."

शालूनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "सर, तो कधीच संपलाय."

"काय संपलाय?"

"गेम. चाळीसच्या चाळीस. तपासणीच्या आधीच. बहुतेकांचा संपलाय, बारकी पाच-सहा राहिलीत."

घोगरे खुर्चीवर बसले. खुर्ची बुटकी होती, त्यामुळं शालूचा चेहरा बरोबर समोर आला. "मग त्या दिवशी साहेबांसमोर?"

"'शालू' नावावर संपलाय. मग मी परत पहिल्यापासून 'शालू दोन' नावानं सुरू केला, त्यावर छत्तीस झाले होते. त्या दिवशी मी दोन उघडलं."

"का?"

"अध्यक्ष टेप घेऊन आले होते ना," शालू मंद मुलाला गणित सांगावं तशी सांगत होती. "ते म्हणाले, तपासणी संपली की कपाटं माळ्यावर. आणि साहेब म्हणाले, हे दिसलं की तपासणी संपली. मग आम्ही ठरवलं."

"कधी ठरवलं? तुम्ही तर कोणी बोललाही नाहीत."

"बघितलं एकमेकांकडे. पण मुद्दाम पडायला लय अवघड असतं सर. दारापर्यंत न्यायचं आणि मग पाडायचं. लवकर पाडलं तर कळतं."

घोगऱ्यांनी मनाशी हिशोब केला. एक्केचाळीस मुलं दोन महिने रोज दहा मिनिटं हरत होती, आणि त्यांनी ते नुसतं हजेरीपटावर चढवलं होतं. पत्राचा कागद ड्रॉवरमध्येच होता. 'पान उघडल्याचे ग्रंथपालांनी कळवल्यास.' त्यांनी मन घट्ट करून नियम आठवला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ग्रंथपालानं कुठलीही नोंद करू नये. त्यांनी तर काहीच पाहिलेलं नव्हतं. टीव्हीकडे जायची वेळ आली तर म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात घातला.

"जा," ते म्हणाले, "तुझा नंबर येईल."

आत इंद्रजीतरावांची शेवटची दोन मिनिटं राहिली होती. नवव्या लेव्हलची विहीर समोर, बेडूक काठावर, कपाळावर घाम. मागं मुलं दाटीनं उभी होती. आज पहिल्यांदाच इंद्रजीतरावांना विहिरीच्या पलीकडचं दार नीट दिसत होतं, आणि कोणाला तरी विचारावं असं वाटत होतं. शालू त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली आणि थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"आता मारा उडी, आजोबा," ती म्हणाली. मागं मुलांनी आधीच तोंडावर हात दाबले.

मुलगी हुशार आहे, हे इंद्रजीतरावांनाही माहीत होतं. त्यांनी मारली.